राणी एलिझाबेथ : तिचें चित्र व तिचें हस्ताक्षर

इंग्लंडच्या ट्यूडर घराण्यांतील शेवटची राणी एलिझाबेथ हिचें नांव आमच्या बहुतेक वाचकांनीं शाळेंत ऐकिलें असेल. सन १६०० च्या डिसेंबरच्या ३१ व्या तारखेस लंडनच्या व्यापाऱ्यांच्या ज्या संघाला तिनें पूर्वेकडे व्यापार करण्याची पंधरा वर्षांची सनद दिली, तोच संघ पुढें ईस्ट इंडिया कंपनी या नांवानें आमच्या देशाचा धनी होऊन बसला. परंतु कंपनीची हकीकत सांगण्यासाठीं आम्हीं लेखणी उचललेली नाहीं. चारशें वर्षांपूर्वीं मातीस मिळालेल्या या बाईचें स्मरण आज कोणत्या रूपानें राहिलें आहे, आणि त्या रूपांत खरें किती व रंगविलेलें किती, हें वाचकांपुढें ठेवावें एवढाच हेतु आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत या राणीची स्तुति फार झाली आहे. म्हणूनच ही परीक्षा आम्हांस अधिक अगत्याची वाटते.

एलिझाबेथचा जन्म ७ सप्टेंबर १५३३ रोजीं ग्रिनिच येथील राजवाड्यांत झाला. बाप राजा आठवा हेन्री, आई ॲन बोलिन. राजास पुत्र हवा होता, झाली कन्या. ती तीन वर्षांचीही झाली नव्हती तोंच, १९ मे १५३६ रोजीं, राजानें तिच्या आईवर व्यभिचाराचा व राजद्रोहाचा आरोप ठेवून तिचा शिरच्छेद करविला, आणि मुलीला अनौरस ठरविण्यांत आलें. सन १५४४ सालीं पार्लमेंटानें तिला वारसांच्या ओळींत पुन्हां जागा दिली खरी, पण ती भाऊ एडवर्ड व बहीण मेरी या दोघांच्या मागें. अशा पोरीकडून कोणीं काय आशा करावी?

तिला हात दिला तो पुस्तकांनीं. तिची सावत्र आई कॅथरीन पार ही विद्येची आवड असलेली व सुधारलेल्या धर्ममताची स्त्री होती. तिनें सन १५४५ सालीं प्रार्थनांचें एक पुस्तक स्वतःच्या नांवानें छापून प्रसिद्ध केलें. त्याच्या आदल्या वर्षाच्या अखेरीस अकरा वर्षांच्या एलिझाबेथनें नवारची राणी मार्गरेट हिचें एक फ्रेंच भक्तिकाव्य इंग्रजींत उतरविलें, सुंदर अक्षरांत लिहून काढलें आणि भरतकामाचें वेष्टन घालून कॅथरीनला नव्या वर्षाची भेट म्हणून पाठविलें. ती वही ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथसंग्रहालयांत आजही जपून ठेविलेली आहे. पुढच्या वर्षीं तिनें कॅथरीनच्याच प्रार्थना लॅटिन, फ्रेंच व इटालियन अशा तीन भाषांत करून बापास दिल्या. नंतर केंब्रिजचे पंडित रॉजर ॲस्कम तिला शिकवावयास आले. त्यांची रीत अशी होती : ग्रीक किंवा लॅटिन उतारा इंग्रजींत करावयाचा, मग मूळ पुस्तक मिटून त्या इंग्रजीवरून तो पुन्हां मूळ भाषेंत लिहावयाचा, शेवटीं दोन्ही ताडून पाहावयाचे. आमच्या ज्या उपदेशक बंधूंना परभाषेंतील पुस्तकांवरून प्रवचन तयार करावें लागतें, त्यांनीं ही रीत एकदां करून पाहण्यासारखी आहे. आपल्याला किती समजलें नव्हतें तें लगेच कळतें.

बहीण मेरी राणी झाल्यावर एलिझाबेथचे कठीण दिवस आले. एका बंडाशीं तिचा संबंध असावा अशा संशयानें मार्च १५५४ मध्यें तिला लंडनच्या टॉवरमध्यें कैदेंत टाकलें. त्याच किल्ल्यांत तिच्या आईचें मस्तक उडविलें होतें. दोन महिन्यांनीं तिला तेथून काढून वुडस्टॉक येथें नजरकैदेंत ठेविलें. तेथें ती जें शिकली तें कोणत्याही पुस्तकांत नव्हतें : थोडें बोलणें, त्याहून थोडें लिहिणें, आणि पुरावा कोणाच्याही हातीं न देणें. मेरीच्या अमदानींत सुमारें २८० प्रॉटेस्टंट लोकांनीं अग्नींत मरण सोसलें. एलिझाबेथ मिस्सा ऐकावयास जात असे, व ती वांचली. तिच्या स्तुतिपाठकांनीं ही गोष्ट फारशी मोठ्यानें सांगितलेली नाहीं.

१७ नोव्हेंबर १५५८ रोजीं मेरी वारली आणि पंचवीस वर्षांची एलिझाबेथ गादीवर आली. पुढच्याच सालीं पार्लमेंटानें पोपची सत्ता देशांतून पुन्हां काढून टाकली, राणीला मंडळीची सर्वश्रेष्ठ अधिकारी ठरविलें, आणि सर्व देवळांत इंग्रजी प्रार्थनापुस्तक चालू केलें. सन १५६३ सालीं वेल्श लोकांसाठीं पवित्र शास्त्र त्यांच्या भाषेंत करावें असा कायदा झाला, व सन १५८८ सालीं विल्यम मॉर्गन यांनीं केलेलें संपूर्ण वेल्श बायबल छापून निघालें. इंग्रजांच्या शेजारीं राहूनही ती लहानशी भाषा आजवर जिवंत आहे, तिला या पुस्तकाचा मोठा आधार झाला. आपल्या भाषेंत शास्त्र वाचणाऱ्यांस या कामाचें मोल निराळें सांगावयास नको. प्रॉटेस्टंट हुतात्म्यांच्या कथा लिहिणारे जॉन फॉक्स यांनीं आपला ग्रंथ सन १५६३ सालीं राणीसच अर्पण केला. तिच्या राज्यारोहणाच्या दिवशीं गांवोगांव घंटा वाजत, आणि ती मेल्यावरही कित्येक पिढ्या त्या वाजत राहिल्या.

आतां तिच्या चित्रांकडे वळूं, कारण बहुतेक जगाला ती चित्रांवरूनच ठाऊक आहे. पांढरा फटफटीत चेहरा, तांबडे केस, गळ्याभोंवतीं चुणीदार गळपट्टी, अंगभर मोत्यें. हें रूप आपोआप राहिलेलें नाहीं. तें पहाऱ्यांत राखलेलें आहे. सन १५६३ सालींच असा एक जाहीरनामा तयार झाला होता कीं, राणीचें एक मान्य चित्र निघेपर्यंत चित्रकारांनीं तिचीं चित्रें काढूं नयेत. सुमारें १५७५ सालीं एका चित्रांत तिचा जो चेहरा उतरला, त्याचाच कित्ता पुढें वर्षानुवर्षें गिरवला गेला. ती साठीला आली तरी चित्रांतली राणी तरुणच राहिली, आणि सन १५९६ सालीं तिच्या मंत्रिमंडळानें तिचीं न शोभणारीं चित्रें शोधून नष्ट करण्याचा हुकूम सोडला. एका चित्रांत ती इंग्लंडच्या नकाशावर पाय ठेवून उभी आहे. हॅटफील्ड हाउस येथील दुसऱ्या चित्रांत तिच्या झग्यावर जागोजाग डोळे व कान काढलेले आहेत. राणी सर्व पाहते व सर्व ऐकते असा त्याचा अर्थ लावतात. देवळांतून साधुसंतांच्या मूर्ति काढून टाकल्या त्याच काळांत राणीच्या चेहऱ्याला ही निगराणी मिळाली, ही गोष्ट विचारी वाचकाच्या लक्षांत आल्यावांचून राहणार नाहीं.

यांत आणखी एक गंमत आहे. १५७५ च्या सुमाराचें तें चित्र लंडनच्या राष्ट्रीय व्यक्तिचित्र संग्रहालयांत आहे. तेथील तज्ज्ञांनीं त्याचे रंग तपासले तेव्हां असें दिसून आलें कीं, गालांवरचा तांबडा रंग काळानें उडून गेला आहे. मूळ चित्रांतला चेहरा इतका पांढरा नव्हता. जी प्रेतासारखी छटा लोक तिच्या स्वभावाची खूण समजतात, तिच्यांतला कांहीं भाग निव्वळ रंग विटल्याचा आहे! तरीही त्या रूपाची मोहिनी कमी झालेली नाहीं. स्पॅनिश आरमाराच्या पराभवानंतर काढलेल्या तिच्या एका मोठ्या चित्रासाठीं सन २०१६ सालीं इंग्लंडांत लोकांनीं वर्गणी दिली, आणि तें आतां ती जेथें जन्मली त्या ग्रिनिच येथेंच लोकांस पाहावयास मिळतें. सन १९९८ सालीं आपल्या देशांतील शेखर कपूर यांनीं तिच्यावर इंग्रजी बोलपट काढला. त्याच्या शेवटीं ती आपले केस कापवून तोंडाला पांढरा रंग फांसून घेते. बोलपट पाहाच असें आम्ही कोणास सांगत नाहीं. पण बाईमाणसाला राज्य करावयाचें तर आधीं मूर्ति व्हावें लागलें, हें त्या दिग्दर्शकाला नेमकें दिसलें होतें.

या मूर्तीच्या मागची बुद्धि पाहावयाची असेल तर तिच्या कागदांकडे जावें. राणी झाल्यावरही तिनें अभ्यास सोडला नाहीं. सन १५९७ सालीं पोलंडच्या वकिलानें भर दरबारांत लॅटिन भाषेंत तिला उद्दामपणें सुनावलें, तेव्हां चौसष्टाव्या वर्षांत असलेल्या या बाईनें कांहीं तयारी नसतां लॅटिनमध्येंच त्याचा असा समाचार घेतला कीं दरबार थक्क झाला. त्याच्या चार वर्षें आधीं तिनें बोएथियस याच्या तत्त्वज्ञानावरील लॅटिन ग्रंथाचें भाषांतर केलें होतें. आणि सन २०१९ सालीं ईस्ट अँग्लिया विद्यापीठांतील एका विद्वानानें लंडनच्या लँबेथ राजवाड्याच्या ग्रंथसंग्रहालयांतील एक जुनें हस्तलिखित पुढें आणलें. टॅसिटस या रोमन इतिहासकाराच्या एका भागाचें तें इंग्रजी भाषांतर आहे. ऑगस्टस मेल्यावर टायबेरियस बादशहा कसा झाला याची ती हकीकत. प्रत लेखनिकाच्या हातची आहे, पण तिच्यांत जागोजाग केलेल्या दुरुस्त्या राणीच्या हातच्या आहेत असें त्यानें दाखविलें. ओळख पटली ती कशावरून? कागद दरबारांतला होता हें एक. आणि अक्षर अत्यंत वाईट होतें हें दुसरें. लहानपणीं मोत्यासारखें अक्षर काढणारी ही मुलगी राज्याचा भार डोक्यावर आल्यावर इतकें घाईचें व वेडेंवांकडें लिहूं लागली कीं तसें लिहिणारा दुसरा कोणी सांपडत नाहीं. तिच्या चित्रांवर पहारा होता. या अक्षरावर कोणाचाही नव्हता, आणि आम्हांस तर हें वेडेंवांकडें अक्षर त्या सगळ्या मोत्यांहून अधिक आवडतें.

त्याच लँबेथच्या वाड्याशीं तिच्या सत्तेचीही एक आठवण निगडित आहे, व ती तितकी गोड नाहीं. एडमंड ग्रिंडल हे कँटरबरीचे आर्चबिशप असतां बऱ्याच परगण्यांत पाळक लोक ठराविक दिवशीं एकत्र जमून शास्त्राचा एखादा भाग घेत आणि आळीपाळीनें त्याचें विवरण करीत. ऐकावयास गांवचे लोकही बसत. आपल्याकडे उपदेशकांच्या सभा भरतात, त्यांतलाच हा प्रकार. राणीला त्या सभांत बंडाचा वास आला. एका परगण्याला तीन-चार उपदेश करणारे पुरेत, बाकीच्यांनीं छापील उपदेश वाचून दाखवावे, असें तिचें मत होतें. सभा बंद करा असा हुकूम तिनें ग्रिंडल यांस दिला. ग्रिंडल यांनीं डिसेंबर १५७६ मध्यें तिला एक लांबलचक पत्र लिहून तो हुकूम मानण्याचें नाकारलें. देवाचा अपराध करण्यापेक्षां राणीची गैरमर्जी आपण पतकरूं, आणि राणीनेंही आपण मर्त्य आहों हें विसरूं नये, असा त्याचा आशय होता. राणीनें दुसऱ्या बिशपांना परभारें लिहून सभा बंद करविल्या, आणि १५७७ मध्यें ग्रिंडल यांचा अधिकार काढून घेऊन त्यांस घरीं बसविलें. सन १५८३ सालीं ते वारले तेव्हां त्यांची दृष्टि गेली होती, आणि राणीची मर्जी परतलेली नव्हती. ते प्रॉटेस्टंट होते, राणीचेच नेमलेले होते, आणि तिचे शत्रु मुळींच नव्हते.

रोमन कॅथलिकांचा अनुभव याहून फार कडू होता. सन १५७० सालीं पोपनें राणीस बहिष्कृत करून प्रजेला तिच्या आज्ञेंतून मोकळें केलें. तेव्हांपासून प्रामाणिक कॅथलिक मनुष्यही हेर समजला जाऊं लागला. सन १५८५ च्या कायद्यानें बाहेर दीक्षा घेऊन देशांत येणारा पाद्री राजद्रोही ठरला. राणीच्या कारकीर्दींत १८० हून अधिक कॅथलिकांना देहान्त शिक्षा झाली. मेरीनें जाळलेल्यांची यादी आमच्या मंडळ्यांत पुष्कळदां वाचली गेली आहे. ही यादी क्वचितच वाचली जाते. आणि सन १५९३ सालीं बॅरो व ग्रीनवुड हे फांसावर गेले, ते तर प्रॉटेस्टंटच होते. राजसत्तेपासून निराळी मंडळी असावी एवढेंच त्यांचें म्हणणें.

याच दिवसांचा एक धागा आपल्या भाषेपर्यंत येऊन पोहोंचतो. विल्टशायर परगण्यांतला टॉमस स्टीफन्स हा तरुण इंग्लंड सोडून रोमला जाऊन जेझुइट झाला आणि सन १५७९ सालीं गोव्यास आला. चार वर्षांनीं अकबर बादशहाच्या नांवचें एलिझाबेथचें पत्र घेऊन निघालेले इंग्रज व्यापारी न्यूबेरी व फिच यांना पोर्तुगीजांनीं धरून गोव्याच्या तुरुंगांत घातलें, तेव्हां त्यांच्या जामिनासाठीं खटपट करणाऱ्यांत हाच स्टीफन्स होता. ज्या राणीच्या राज्यांत त्याच्या पंथाला थारा नव्हता, तिच्याच माणसांना त्यानें सोडविण्यास मदत केली. सन १६१६ सालीं राचोल येथें छापलेलें मराठी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण त्याचेंच. राणी सहिष्णु असती तर हा मनुष्य कदाचित् इंग्लंडच्या एखाद्या खेड्यांतच राहिला असता!

अलीकडे इंग्लंडांतील लोक आपल्या इतिहासाची आणखी एक वही उघडूं लागले आहेत. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील माणसें पकडून अमेरिकेंतील स्पॅनिश वसाहतींत विकणारा जॉन हॉकिन्स यास सन १५६४ सालीं राणीनें आपलें एक जहाज दिलें होतें. त्या जहाजाचें नांव जीझस, म्हणजे येशू. यावर आम्ही अधिक लिहीत नाहीं.

राणी एलिझाबेथ २४ मार्च १६०३ रोजीं रिचमंड येथें वारली. चव्वेचाळीस वर्षें तिनें राज्य केलें, लग्न केलें नाहीं, मूलबाळ नव्हतें. तिच्या मागून आलेल्या राजा जेम्सनें तिची शवपेटी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें मेरीच्याच थडग्यांत ठेवविली, आणि वर संगमरवरी स्मारक उभारलें. त्या दगडावर निजलेली मूर्ति एकट्या एलिझाबेथची आहे. खालीं मात्र दोघी बहिणी आहेत, जाळणारी व फांसावर देणारी. आणि दोघी एकाच पुनरुत्थानाच्या आशेनें येथें विसांवल्या आहेत असा लॅटिन लेख तेथें कोरलेला आहे. सन १९७७ सालीं त्या थडग्याजवळच्या फरशींत आणखी एक शिला बसविण्यांत आली. धर्मसुधारणेच्या काळीं मतभेदानें एकमेकांपासून तुटलेल्या व ख्रिस्तासाठीं आणि आपल्या मनोदेवतेसाठीं प्राण दिलेल्या सर्वांची ती आठवण आहे. तिच्यावर पंथाचें नांव नाहीं.