जन्मभर खुनी रंगवणारा माणूस

संध्याकाळची कसारा लोकल. टिटवाळ्यानंतर जरा टेकायला जागा मिळते, आसनगावला उतरायला अजून वेळ असतो आणि मोबाइलवर क्राइम सीरिज सुरू असते. मुरबाडकरांचंही तेच, फक्त लोकलऐवजी कल्याणहून सुटलेली एसटी आणि धक्के थोडे जास्त. या सीरिजमधला खुनी आठवून बघा बरं. हल्ली तो राक्षसासारखा दिसतच नाही. साधा, शेजारी राहणाऱ्यासारखा, थोडा घाबरटच. असा खुनी सिनेमात रुजवणाऱ्यांमध्ये एक नाव फार वरचं आहे, पीटर लॉरी. नाव वाचून ट्रक आठवला असेल तर हरकत नाही, मलाही पहिल्यांदा तोच आठवला होता. पण या माणसाची गोष्ट ऐकाच.

बँकेतला कारकून ते बर्लिनचा स्टार

लॉरीचं खरं नाव लास्लो लोवेनस्टाइन. जन्म २६ जून १९०४चा, तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीतल्या एका छोट्या गावात. ते गाव आज स्लोव्हाकियात आहे. घर ज्यू. आई लहानपणीच गेली. कुटुंब पुढे व्हिएन्नाला आलं. पोराने बँकेत चिकटावं ही घरच्यांची इच्छा आपल्याला अगदी ओळखीची वाटेल. तो चिकटलाही, पण डोक्यात नाटक होतं. नोकरी सुटली आणि छोट्या छोट्या रंगमंचांवर धडपड सुरू झाली. याच वयात पोटाच्या दुखण्यावर उपचार करताना त्याला मॉर्फिन मिळालं आणि त्याची सवय लागली. ही सवय त्याला पुढे वर्षानुवर्षं छळत राहिली.

१९३१ साली दिग्दर्शक फ्रिट्झ लँगने त्याला ‘एम’ या सिनेमात घेतलं. भूमिका होती लहान मुलांच्या खुन्याची. गोल चेहरा, मोठे डोळे, हळू आवाज. खून करण्याआधी हा माणूस शिट्टीवर एक धून वाजवतो. गंमत म्हणजे लॉरीला शिट्टी येतच नव्हती, ती लँगने स्वतः वाजवली. शेवटी गुन्हेगारांची टोळीच त्याच्यावर खटला भरते आणि तो कोसळून आपल्या आतल्या राक्षसाविषयी बोलतो. लोक हादरले. तिशीही न गाठलेला लॉरी रातोरात स्टार झाला.

पळापळ आणि परकी भाषा

पण १९३३ला हिटलर सत्तेवर आला आणि लॉरीला जर्मनी सोडावी लागली. आधी व्हिएन्ना, मग पॅरिस, मग लंडन. तिथे हिचकॉकने १९३४च्या सिनेमात त्याला खलनायक केलं. तेव्हा त्याला इंग्रजी जेमतेम येत होतं. उच्चार पाठ करून त्याने संवाद म्हटले. नव्या शहरात इंटरव्ह्यूला जाताना तुमचं इंग्रजी अडखळतं ना, तेव्हा हा माणूस आठवा.

पुढे हॉलिवूड. १९३७ ते १९३९ या काळात मिस्टर मोटो या जपानी गुप्तहेराच्या भूमिकेत त्याने तब्बल आठ सिनेमे केले. ‘द माल्टीज फाल्कन’ आणि ‘कासाब्लांका’मुळे तो जगभर पोचला. पण भूमिका बहुतेक त्याच. कपटी, विचित्र, घाम पुसणारा माणूस.

आणि इकडे जर्मनीत काय चाललं होतं? १९४०मध्ये नाझींनी ज्यूंविरुद्ध एक प्रचारपट काढला. त्यात त्यांनी ‘एम’मधला लॉरीचा तोच कबुलीचा प्रसंग घुसवला. ज्यू माणूस असाच असतो हे दाखवायला. त्याचा अभिनय त्याच्याच लोकांविरुद्ध पुरावा म्हणून वापरला गेला. कलाकारासाठी यापेक्षा वाईट काय असेल?

स्वतःचा एकच सिनेमा

युद्ध संपलं. १९४९मध्ये लॉरीचं दिवाळं निघालं. तो जर्मनीला परतला आणि तिथे आयुष्यातला एकमेव सिनेमा दिग्दर्शित केला. ‘डेर फेरलोरेने’, म्हणजे हरवलेला माणूस. साल १९५१. लेखनातही तोच, मुख्य भूमिकेतही तोच. कल्पना एका डॉक्टरविषयीच्या बातमीतून आलेली. (पत्रकारिता शिकणाऱ्यांनो, बातम्या नीट वाचा!)

गोष्ट अशी. युद्धानंतर निर्वासितांच्या छावणीत एक डॉक्टर खोट्या नावाने काम करतोय. एक दिवस तिथे एक ओळखीचा चेहरा येतो, तोही खोट्या नावाने. दोघं रात्रभर पीत बसतात आणि जुनं सगळं वर येतं. डॉक्टर युद्धात हॅम्बुर्गला संशोधन करत होता. आपली होणारी बायको ते संशोधन शत्रूपर्यंत पोचवते हे त्याला कळलं आणि त्याने तिचा गळा दाबला. तो शिक्षेची वाट बघत राहिला. पण सरकारला त्याची गरज होती, म्हणून खुनावर पांघरूण घालण्यात आलं. पांघरूण घालणाऱ्यांत हाच आलेला पाहुणा होता. शिक्षा झालीच नाही, आणि डॉक्टरच्या आत काहीतरी कायमचं मोडलं. त्याच्या हातून पुन्हा खून झाला. शेवट सांगत नाही. एवढंच सांगते की तो बघितल्यावर रेल्वेचे रूळ काही दिवस वेगळे दिसतात.

हे सगळं लॉरीने न ओरडता केलंय. सिगारेट, थकलेले डोळे, लांबलचक शांतता. भीती वाटते ती खुनाची नाही. सगळ्यांना माहीत असूनही कुणीच काही बोलत नाही, याची वाटते.

सिनेमा आला आणि पडला. सहा वर्षांपूर्वी युद्ध हरलेल्या लोकांना घर, नोकरी, पोटभर जेवण हवं होतं. आपण तेव्हा काय करत होतो हे थिएटरात जाऊन कोण आठवणार? लॉरी खचून अमेरिकेला परतला. पुन्हा कधी दिग्दर्शन केलं नाही. १९५४मध्ये टीव्हीवर तो जेम्स बाँडचा पडद्यावरचा पहिला खलनायक झाला, नंतर स्वस्तातल्या भयपटांत दिसला. २३ मार्च १९६४ला, साठी गाठायच्या आत, गेला. त्याचा सिनेमा अमेरिकेत लागायला १९८४ साल उजाडलं. आज जगभरातले अभ्यासक तो शोधून बघतात.

आणि आपण?

वाटेल की हे सगळं लांबचं आहे. पण त्याच महायुद्धाच्या काळात, २ जानेवारी १९४३च्या पहाटे, आपल्या मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना गोळ्या घातल्या. दरवर्षी आपण तिथे जातो, नावं घेतो, फोटो टाकतो. पण त्या दाट जंगलातली जागा पोलिसांना कुणीतरी सांगितलीच असणार ना? खबर देणारे पुढे कसे जगले? त्यांना झोप लागायची का? ज्यांना माहीत होतं, ते गप्प का राहिले?

कुणाचं नाव काढून वचपा काढा असं अजिबात म्हणायचं नाहीये. त्यांची नातवंडं, पतवंडं आपल्यासारखीच असतील, त्यांचा काय दोष? पण हुतात्म्यांचा इतिहास सांगताना भीतीचा आणि गप्प बसण्याचा इतिहासही सांगायला हवा. लॉरीने तोच प्रयत्न केला आणि स्वतःला सुटका दिली नाही, दोषी माणसाची भूमिका स्वतःच घेतली.

तर या २ जानेवारीला सिद्धगडला जाणार असाल, तर वाटेतल्या पाड्यावर नव्वदी ओलांडलेलं कुणी असेल त्यांच्यापाशी थोडा वेळ बसा. फोन खिशात ठेवा, नाहीतर परवानगी घेऊन रेकॉर्डिंग तरी करा. लॉरीच्या सिनेमाची रीळं कुणीतरी जपली, म्हणून तो तेहतीस वर्षांनीही अमेरिकेत दाखवता आला. आपल्या आजी-आजोबांच्या आठवणी कुठल्या डब्यात जपून ठेवलेल्या नाहीत.