विश्लेषण : सिम्युलेशनमधली उष्णता सांध्यापाशीच का चुकते? फूरियेंचे आयुष्य काय शिकवते?

बर्फाच्या लादीवर ठेवलेला बांगडा आणि बर्फाच्या चुऱ्यात पुरलेला बांगडा, यातला कुठला आधी गार होतो हे मिठबावच्या किनाऱ्यावर कोणालाही ठाऊक असते. मासा तोच, बर्फही तोच. पण चुरा माशाला सगळीकडून टेकतो, लादी मोजक्याच जागी टेकते. उरलेल्या फटीत हवा असते आणि हवेतून उष्णता सहज जात नाही. सांध्यापाशी होणाऱ्या या अडवणुकीला औष्णिक संपर्करोध, म्हणजेच थर्मल कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स म्हणतात. संगणकावरची उष्णतेची गणिते अनेकदा नेमकी इथेच चुकतात. ही गणिते ज्यांच्या समीकरणावर चालतात, त्या जोसेफ फूरिये यांच्या आयुष्यात या चुकीचे उत्तर सापडते.

फूरिये कोण होते?

अभियांत्रिकीच्या वर्गात ‘फोरियर’ म्हणून ओळखले जाणारे फूरिये २१ मार्च १७६८ रोजी फ्रान्समधील ओझेर गावात एका शिंप्याच्या घरी जन्मले. दहा वर्षांचे होईपर्यंत आईवडील दोघेही गेले. गावातल्या लष्करी शाळेत त्यांना गणिताची गोडी लागली. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९४ मध्ये त्यांना अटक झाली. शिरच्छेदाची टांगती तलवार होती, पण रोबेस्पिएरची सत्ता कोसळली आणि ते सुटले. १७९८ मध्ये नेपोलियनच्या मोहिमेबरोबर ते इजिप्तला गेले. परतल्यावर १८०२ मध्ये नेपोलियनने त्यांना ग्रनोबलला इझेर प्रांताचे प्रशासक नेमले. तिथे त्यांनी बुर्गोइनच्या दलदली कोरड्या करून घेतल्या, रस्त्याचे काम मार्गी लावले आणि उरलेल्या वेळात लोखंडी कडी व गोळे तापवून त्यांचे तापमान मोजले.

त्यांचे काम का अडले?

२१ डिसेंबर १८०७ रोजी त्यांनी उष्णतेवरचा निबंध पॅरिसच्या विद्वत्संस्थेपुढे ठेवला. परीक्षक होते लाग्रांज, लाप्लास, मोंज आणि लाक्रुआ. ज्या त्रिकोणमितीय श्रेणींवर निबंध उभा होता, त्याच लाग्रांज यांना पटल्या नाहीत. १८१२ मध्ये याच विषयाचे पारितोषिक फूरियेंना मिळाले, तेही मांडणीत काटेकोरपणा कमी असल्याच्या शेऱ्यासह. निबंध तेव्हाही छापला गेला नाही. अखेर १८२२ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पहिल्या निबंधाला तोवर १५ वर्षे झाली होती.

सांध्याशी त्यांचा काय संबंध?

फूरियेंनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. वस्तूच्या आत उष्णता कशी सरकते, याचे समीकरण एक. पृष्ठभागावरून ती बाहेर कशी पडते, याचा नियम वेगळा. या दुसऱ्या नियमात पृष्ठभागाचा एक स्वतंत्र आकडा लागतो आणि तो प्रयोगातूनच मिळतो. पुढे दोन घन वस्तूंच्या सांध्यालाही याच धाटणीचा नियम लावला गेला. १८२८ मध्ये, साठीला टेकलेल्या फूरियेंनी ‘संपर्क तापमापी’ तयार केली. पाऱ्याने भरलेला लोखंडी शंकू आणि त्याच्या तळाला पातळ कातडे, अशी तिची रचना होती. पातळ थरांमधून उष्णता किती जाते, हे तिने मोजता येई. १६ मे १८३० रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले.

एवढीशी फट किती महाग पडते?

समजा, सौर इन्व्हर्टरमधला एक भाग १० चौरस सेंटिमीटर जागेतून ५० वॉट उष्णता ॲल्युमिनियमच्या हीटसिंकला देतो. मधे ०.०५ मिलिमीटर, म्हणजे साधारण केसाएवढी फट असेल आणि तिच्यात फक्त हवा असेल, तर तेवढ्या फटीत सुमारे ९६ अंश सेल्सिअसचा फरक पडतो. ती फट जवळपास ३८ सेंटिमीटर जाड ॲल्युमिनियमइतका अडथळा करते. प्रत्यक्षात धातू काही बिंदूंवर टेकतो, त्यामुळे फरक कमी असतो. त्याच फटीत हवेच्या १५० पट वाहकतेची थर्मल पेस्ट भरली, तर तो १ अंशाच्याही आत येतो.

सिम्युलेशन चुकले तर काय तपासावे?

– सांध्याच्या दोन्ही बाजूंना तापमान अगदी सारखे दिसते? मग सॉफ्टवेअरने दोन्ही भाग एकजीव धरले आहेत. उत्तर दिलासादायक दिसेल, पण खरी वस्तू जास्त तापेल. मेश कितीही बारीक केली तरी ही चूक जाणार नाही.

– एक भाग तापतो आणि दुसरा सुरुवातीच्याच तापमानावर राहतो? मग कॉन्टॅक्ट जुळलेलाच नाही. आराखड्यात दोन भागांमध्ये राहिलेली फट शोधा.

– आकडा वाहकतेचा मागितला आहे की रोधाचा? दोन्ही एकमेकांचे व्यस्त आहेत. मीटरऐवजी मिलिमीटर धरले, तर वाहकतेचा आकडा थेट १० लाख पटीने चुकतो.

– हाताने पडताळा करा. दर चौरस मीटरमधून जाणारी उष्णता भागिले संपर्क-वाहकता, एवढाच तापमानातला फरक सांध्यापाशी दिसायला हवा. शिवाय स्थिर अवस्थेत, आत उष्णता निर्माण होत नसेल, तर एका बाजूने शिरलेले वॉट दुसऱ्या बाजूने बाहेर पडलेच पाहिजेत.

मग योग्य आकडा कुठून आणायचा?

तो कुठल्याही समीकरणातून आपोआप येत नाही. स्क्रू किती आवळला, पृष्ठभाग किती खडबडीत आहे, मधे हवा आहे की पेस्ट, यावर तो ठरतो. शक्य असेल तर मोजावा. मोजता आला नाही, तर कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशा दोन्ही किमती घालून सिम्युलेशन चालवावे. वाईटातल्या वाईट किमतीलाही भाग सुरक्षित राहत असेल, तरच आराखडा पुढे पाठवावा. समीकरण हाती असतानाही फूरिये साठाव्या वर्षी तापमापी घेऊन मोजायला बसले, ते याच कारणाने.