नॅथॅनिएल वॉर्ड : रोपांना समुद्रापार नेणारे डॉक्टर

आज फुलं आणि रोपं विमानाने पाहता पाहता दुसऱ्या देशात पोहोचतात. दोनशे वर्षांपूर्वी मात्र हा प्रवास जहाजाने व्हायचा आणि त्याला कित्येक महिने लागायचे. अंगावर खारं पाणी उडायचं, वारा झोडपायचा. गोडं पाणी माणसांनाच जपून वापरावं लागे, मग रोपांना कुठून मिळणार? चीनहून निघालेल्या हजार रोपांपैकी जेमतेम एक इंग्लंडला जिवंत पोहोचतं, असा हिशेब मकावमधल्या एका डॉक्टरने १८१९ साली मांडला होता. ही अडचण पुढे लंडनच्या एका डॉक्टरने सोडवली.

बालपण आणि व्यवसाय

नॅथॅनिएल वॉर्ड यांचा जन्म १७९१ साली लंडनमध्ये झाला. वडील डॉक्टर होते. तेरा वर्षांचे असताना वॉर्ड जहाजाने जमैकाला जाऊन आले आणि तिथली झाडं पाहून त्यांना वनस्पतींचं वेडच लागलं. पुढे त्यांनी पूर्व लंडनच्या गरीब वस्तीत दवाखाना चालवला. घरामागे हौसेने नेचे लावले, पण कारखान्यांच्या धुराने ते मरून जात.

बाटलीतला शोध

१८२९ साली त्यांनी पतंगाचा एक कोश ओल्या मातीत घालून झाकणाच्या बाटलीत ठेवला. थोड्या दिवसांनी बघतात तर काय, मातीतून एक नेचा आणि थोडं गवत उगवलेलं! असं कसं झालं? दिवसा मातीतल्या पाण्याची वाफ व्हायची, काचेवर तिचे थेंब जमायचे आणि पुन्हा मातीत पडायचे. धूर आत येत नव्हता. ती रोपं कोणी पाणी न घालता जवळजवळ चार वर्षं जगली. शेवटी झाकण गंजलं, पावसाचं पाणी आत शिरलं आणि ती गेली.

पेटीचा प्रवास

१८३३ साली वॉर्ड यांनी काचेच्या दोन बंद पेट्यांत नेचे, शेवाळ आणि गवत भरून त्या सिडनीला पाठवल्या. सुमारे सहा महिन्यांनी त्या पोहोचल्या, तेव्हा आतली रोपं हिरवीगार होती. परतताना पेट्यांत ऑस्ट्रेलियातली रोपं भरली. वाटेत डेकवर बर्फ पडलं, विषुववृत्तावर कडक ऊन लागलं, तरी रोपं सुखरूप आली. लॉडिजेस या लंडनच्या मोठ्या नर्सरीने मग या पेट्या वापरायला सुरुवात केली. पूर्वी तिची वीसपैकी एकोणीस रोपं वाटेत मरत, आता वीसपैकी एकोणीस जगू लागली. रोपांच्या व्यापाराचं गणितच उलटं झालं!

दुसरी बाजू

१८४२ साली वॉर्ड यांनी पुस्तक लिहून ही युक्ती सगळ्यांसमोर मांडली. धुरात राहणाऱ्या गरिबांच्या घरीही थोडी हिरवळ यावी, ही त्यांची तळमळ होती. प्रत्यक्षात या पेट्या श्रीमंतांच्या दिवाणखान्यांची शोभा झाल्या. साम्राज्यालाही त्या फार उपयोगी पडल्या. ईस्ट इंडिया कंपनीसाठी रॉबर्ट फॉर्च्युन यांनी चीनमधून चहाची हजारो रोपं याच पेट्यांतून हिमालयाच्या पायथ्याशी आणली. १८७६ साली रबराची सुमारे १,९०० रोपं लंडनहून श्रीलंकेला गेली, तीही अशाच पेट्यांतून. त्यातून मोठमोठे मळे उभे राहिले. नफा मळेवाल्यांचा झाला आणि कष्ट मजुरांच्या वाट्याला आले.

वॉर्ड १८६८ साली वारले. मित्रांनो, शोध लावणाऱ्याचा हेतू चांगला असला तरी तो शोध कोणाच्या हाती जातो, हेही पाहावं लागतं. वॉर्ड यांची पेटी आपल्याला हेच शिकवते.