मरणाच्या दारातला मिश्कील माणूस

आमच्याकडे एक आजेसासूबाई होत्या. नव्वदीला टेकलेल्या. दुपारी पापड लाटायला बसलं की हमखास स्वतःच्या तेराव्याचा बेत ठरवायच्या. लाडू नकोत, श्रीखंड करा, म्हणजे माझ्या बोळक्या मैत्रिणींनाही खाता येईल, असं सांगायच्या. आम्ही नातसुना पदर तोंडाला लावून हसायचो आणि सासूबाईंच्या कपाळावर आठ्या पडायच्या. भरल्या घरात असलं अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणत असते, असं त्यांचं म्हणणं. दोघींपैकी कुणाचं खरं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

गंमत म्हणजे सुमारे पाचशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये एका फार मोठ्या माणसावरून हाच वाद झाला होता. त्यांचं नाव सर टॉमस मोर. आपल्या मोराशी काही संबंध नाही बरं का! उलट ग्रीक भाषेत या नावाच्या जवळचा एक शब्द आहे, त्याचा अर्थ वेडा. त्यांचा विद्वान मित्र इरॅस्मस याने त्यावर कोटी करून मूर्खपणाची स्तुती करणारं एक अख्खं पुस्तकच मोरांना अर्पण केलं. मोरांना राग तर आला नाहीच, उलट मजा वाटली. माणूस मुळातच तसा.

१४७८ साली लंडनमध्ये जन्म, वडील न्यायाधीश, स्वतः नावाजलेले वकील. युटोपिया हे त्यांचं पुस्तक १५१६ साली निघालं आणि आदर्श राज्याला युटोपिया म्हणायची पद्धत तेव्हापासून पडली. पण मला ते आवडतात ते त्यांच्या घरामुळे. मुलींनी जास्त शिकू नये असं मानणाऱ्या त्या काळात त्यांनी आपल्या तिन्ही मुलींना मुलाच्या बरोबरीने लॅटिन आणि ग्रीक शिकवलं. थोरली मार्गारेट तर इतकी हुशार निघाली की विशीतच तिने केलेलं भाषांतर छापून आलं. थेम्स नदीकाठी चेल्सीला मोठं घर होतं. त्यात पाळलेले पशुपक्षी, एक माकडसुद्धा, आणि दिवसभर थट्टामस्करी.

या थट्टेचा सगळ्यात जास्त मारा झाला तो ॲलिसवर. पहिली बायको १५११ साली चार लहान मुलं मागे ठेवून गेली. मोरांनी महिनाभरातच ॲलिस नावाच्या विधवेशी लग्न केलं. वयाने त्यांच्याहून मोठी, तोंडाने फटकळ, घर चालवण्यात पक्की. सावत्र चार मुलं तिनेच वाढवली. नवरा मात्र तिची टर उडवायचा. मला विचाराल तर त्या घरात हसण्याइतकंच महत्त्वाचं काम ॲलिसच्या कंबरेच्या किल्ल्यांनी केलं, पण त्याचं कौतुक कुणी लिहून ठेवलं नाही.

१५२९ साली मोर लॉर्ड चॅन्सेलर झाले. राज्यातलं सर्वात मोठं न्यायपद. पण आठव्या हेन्री राजाला पहिली राणी सोडून ॲन बोलिनशी लग्न करायचं होतं, आणि त्यासाठी पोपला बाजूला सारून स्वतःच चर्चचा प्रमुख व्हायचं होतं. मोरांच्या मनाला ते पटेना. १५३२ साली त्यांनी पद सोडलं. घरी कसं सांगितलं ऐका. सणावारी चर्चमधली प्रार्थना संपली की त्यांचा सेवक ॲलिसच्या बाकाशी येऊन साहेब निघाले अशी वर्दी द्यायचा. त्या दिवशी मोर स्वतःच वाकून उभे राहिले आणि साहेब गेले म्हणाले. तिला वाटलं, नेहमीची चेष्टा. साहेब म्हणजे साहेबपद गेलं, पगार गेला, हे तिला मागून उमगलं. मैत्रिणींनो, अशा बातमीला हसू येईल का हो कुणाला?

१५३४ साली राजाच्या बाजूची शपथ घ्यायला त्यांनी नकार दिला आणि टॉवरच्या तुरुंगात गेले. ॲलिस भेटायला गेली ती भांडायलाच. चांगलं घर, पुस्तकं, बाग, बायकामुलं सोडून या उंदराघुशींत काय बसलात, एक शपथ घेतली की सुटाल, असा तिचा साधा हिशेब. त्यावर मोरांनी शांतपणे विचारलं की स्वर्ग आपल्या घरापासून जेवढा जवळ तेवढाच इथूनही नाही का? ती फणकारली. तिचंही काय चुकलं! त्या काळी तुरुंगातल्या जेवणाचे पैसे घरच्यांनीच भरायचे. नवरा आणि त्याचा नोकर मिळून आठवड्याला १५ शिलिंग. त्यासाठी आपण अंगावरचे कपडे विकले, असं तिने राजाच्या मंत्र्याला कळवलं होतं.

मार्गारेटची तऱ्हा वेगळी. शिक्षेनंतर वडिलांना परत टॉवरकडे आणत होते, तेव्हा ती पहारेकऱ्यांच्या भाल्यांमधून घुसली आणि सगळ्यांदेखत त्यांच्या गळ्यात पडली. थोडी दूर गेली आणि न राहवून परत धावत आली. त्या वेळी मोरांनी विनोद केला नाही.

६ जुलै १५३५. वधासाठी उभारलेला लाकडी मंच डुगडुगत होता. मोरांनी अधिकाऱ्याला सांगितलं की वर चढताना तेवढा हात द्या, उतरायचं माझं मी बघेन. जल्लादाला धीर दिला, माझी मान आखूड आहे, वार चुकला तर नाव तुझंच खराब होईल, असं बजावलं. मग दाढी बाजूला सारली, तिने बिचारीने राजद्रोह केलेला नाही म्हणून, असं पुढे लोक सांगू लागले.

एडवर्ड हॉल नावाच्या इतिहासकाराला हे मुळीच रुचलं नाही. या माणसाला मूर्ख शहाणा म्हणावं की शहाणा मूर्ख, असा त्याला प्रश्न पडला. मरतानासुद्धा टवाळी! हॉल राजाच्या बाजूचा होता हे खरं, पण त्याचं बोलणं अगदीच टाकाऊ नाही. मरण ही काय थट्टेची गोष्ट आहे, असं आपल्यातही कितीजणींना वाटतं.

माझं मत सांगू? त्या सकाळी मान मोरांची होती, म्हणून विनोदही त्यांचा. घाबरलेल्या जल्लादाला त्याने आधारच मिळाला असेल. मला खटकतं ते दुसरंच. ते चॅन्सेलर असताना वेगळ्या धर्ममतासाठी सहा जणांना जिवंत जाळण्यात आलं. त्यातल्या टॉमस हिटन नावाच्या माणसाची मोरांनी मेल्यावरही छापील पुस्तकात कुचेष्टा केली. त्याला सैतानाचा हुतात्मा ठरवलं, तेही नाक मुरडून. दुसऱ्या एकाला जाळलं ते योग्यच झालं असं लिहिलं. त्यांच्याही घरी बायकामुलं असतील, ती हसली नसणार. १९३५ साली पोपनी मोरांना संतपद दिलं, पण ती पानं काही पुसली गेली नाहीत.

वधानंतर मोरांचं शिर लंडन ब्रिजवर टांगलं होतं. मार्गारेटने ते मिळवलं आणि जपून ठेवलं. १५४४ साली ती गेली. कँटरबरीच्या एका चर्चमध्ये तिच्या सासरच्या तळघरात ते शिर ठेवलेलं आहे. मंचावरचे विनोद आपल्यापर्यंत पोचले ते मुख्यतः तिच्या नवऱ्याने, विल्यम रोपरने, वीसेक वर्षांनी लिहून ठेवले म्हणून. म्हणजे घरात ते पुन्हा पुन्हा सांगितले जात असणार. ॲलिसचं घरदार मात्र जप्त झालं. दोन वर्षांनी राजाने तिला वर्षाची थोडी रक्कम बांधून दिली. मानेचा तो विनोद तिच्या कानावर पहिल्यांदा आला तेव्हा ती काय बोलली असेल, ते कुणीच लिहून ठेवलेलं नाही.