रॉबर्ट बॉइल आणि कांचेची नळी

विज्ञानाच्या वर्गांत ज्याच्या नांवाचा नियम प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो, त्या रॉबर्ट बॉइलविषयीं विचारलें असतां बहुतेक मुलें हवेचा दाब व तिचें आकारमान यांचें प्रमाण सांगून स्वस्थ बसतात. तो नियम त्यानें १६६२ सालीं प्रसिद्ध केला हें खरें. परंतु पाणी, तेल असल्या नित्याच्या द्रवांचा जडपणा ताडून पाहण्यासाठीं त्यानें जे साधे प्रयोग केले, त्यांत त्याचा स्वभाव मला अधिक स्पष्ट दिसतो.

बॉइलचा जन्म २५ जानेवारी १६२७ रोजीं आयर्लंडांतील लिस्मोर येथील किल्ल्यांत झाला. बाप अर्ल ऑफ कॉर्क, मोठा श्रीमंत सरदार; रॉबर्ट हें त्याचें चौदावें अपत्य. ईटन येथें शिक्षण झाल्यावर त्यास युरोपच्या प्रवासास धाडण्यांत आलें. १६४२ च्या जानेवारींत गॅलिलिओ वारला, तेव्हां पंधराव्या वर्षांत असलेला हा मुलगा जवळच फ्लॉरेन्स शहरांत होता. एवढ्या संपत्तीच्या पुत्रानें शिकारींत व मेजवान्यांत आयुष्य घालविलें असतें, तरी कोणी त्यास नांवें ठेविलीं नसतीं. त्यानें आपला पैसा भट्ट्या, मुशी आणि कांचेचीं पात्रें यांवर खर्चिला. लग्न केलें नाहीं. दृष्टि अधू असल्यामुळें पुष्कळसें लेखन तो दुसऱ्याकडून लिहवून घेई.

तो ऑक्सफर्ड येथें राहत असतां रॉयल सोसायटीनें त्याच्याकडे एक काम सोंपविलें. पास्कल हा फ्रेंच पंडित १६६२ सालीं वारला होता व द्रवांच्या समतोलावरील त्याचा निबंध पुढील वर्षीं छापला गेला होता. तो वाचून बॉइलनें अभिप्राय द्यावयाचा होता. पास्कलचे सिद्धांत त्याला बहुतेक पटले. प्रयोग मात्र पटेनात. एका प्रयोगांत मनुष्य पंधरा-वीस फूट पाण्याखालीं बसून लांब नळीचें टोंक मांडीस लावून धरतो. इतका वेळ तो पाण्याखालीं राहणार कसा, आणि तेथें काय घडतें तें इतरांस दिसणार कसें, अशी शंका बॉइलनें काढली. प्रयोग मनांत रचिलेला आहे, हातानें केलेला नाहीं, असा त्याचा संशय होता. आमच्या प्रयोगवह्या तपासतांना मला त्याची पुष्कळदां आठवण येते; कारण कांहीं वह्यांतील आंकडे इतके अचूक असतात कीं तराजू कपाटाबाहेर निघाला होता कीं नाहीं, हाच प्रश्न पडतो.

१६६६ सालीं त्याचा ‘हायड्रोस्टॅटिकल पॅरॉडॉक्सेस’ हा ग्रंथ निघाला. त्यांतील प्रयोग त्यानें मुद्दाम सोपे निवडले होते. दोन्ही टोंकें उघडीं असलेली कांचेची नळी घेऊन तींत त्यानें टर्पेंटाइन तेल ओढलें, वरचें तोंड बोटानें दाबलें व खालचें टोंक रंगविलेल्या पाण्यांत उभें बुडविलें. बोट काढलें तरी तेल खालीं गळलें नाहीं. बाहेरचें पाणी खालून त्यास तोलून धरीत होतें. तेल हलकें, म्हणून त्याची पातळी बाहेरच्या पाण्याहून थोडी उंच राहिली. नळी जराशी उचलतांच तेलाचे थेंब सुटून पाण्यावर येऊं लागले; ती खालीं ढकलतांच पाणी आंत शिरून तेलास वर रेटूं लागलें. हलका द्रव जड द्रवावर भार टाकूं शकत नाहीं, अशी तेव्हां पुष्कळांची समजूत होती. उलट नळी पाण्यांत ठेवून बाहेर पाण्यावर तेल ओततांच नळींतील पाणी वर चढलें, आणि तीही समजूत गेली.

हाच प्रयोग शिक्षकांसमक्ष, दिव्यापासून दूर, रॉकेलवर करून पाहावा. नळी बाटलींत ५ इंच बुडवून वरचें तोंड बोटानें मिटलें म्हणजे तोंडानें ओढण्याचें कारण नाहीं. मग ती पाण्यांत अशी धरावी कीं बोट काढल्यावर तेल गळूं नये व पाणीही आंत शिरूं नये. सुमारें ४ इंच नळी पाण्यांत असतां हा समतोल साधतो. ४ इंच पाण्यानें ५ इंच रॉकेल तोललें, तेव्हां रॉकेलचें विशिष्ट गुरुत्व सुमारें ०.८ ठरलें. खोबरेलास ४.६ इंचांच्या आसपास पाणी लागेल. पण थंडींत तें नळींतच गोठून बसतें, म्हणून तो प्रयोग उन्हाळ्यांत करावा.

दूध पाण्यांत मिसळून जातें, त्यास ही युक्ति चालत नाहीं. तेथें तरंगतें साधन हवें. १६७५ सालीं बॉइलनें खोटीं नाणीं ओळखण्यासाठीं तसें एक साधन वर्णिलें. पोकळ फुगा, वर बारीक दांडी, खालीं टांगलेली गिनी. खरी गिनी असली म्हणजे दांडी खुणेपर्यंत बुडे. हलक्या धातूची भेसळ असली म्हणजे तितक्याच वजनाचें नाणें अधिक पाणी सारी व दांडी वर राही. दूध पारखण्याची नळी ह्याच कुळांतली आहे. दुधांत पाणी घातलें कीं ती अधिक बुडते. मात्र आधीं साय काढून मग पाणी घालणारा तिलाही फसवितो, कारण साय दुधाहून हलकी असते.

१६६८ पासून बॉइल लंडनमध्यें आपली बहीण लेडी रॅनेला हिच्या घरीं राहिला. १६७० सालीं त्यास पक्षघाताचा झटका आला, तरी काम थांबलें नाहीं. १६८० सालीं रॉयल सोसायटीचें अध्यक्षपद चालून आलें असतां शपथ घेणें मनास रुचेना म्हणून त्यानें तें नाकारिलें. औषधी द्रव्यें पाण्यांत तोलून त्यांची शुद्धता कशी पारखावी, हें सांगणारा ग्रंथ त्यानें १६९० सालीं प्रसिद्ध केला. पुढील वर्षाच्या डिसेंबरांत बहीण वारली, आणि आठवड्याभरांत, ३१ डिसेंबर १६९१ रोजीं, तोही गेला. सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स ह्या मंदिरांत त्यास पुरलें. पुढें तें मंदिर पाडून नवें बांधण्यांत आलें. त्याच्या कबरीचा आतां ठावठिकाणा लागत नाहीं.