विश्लेषण : नासकारने ‘६१’ हा क्रमांक कायमचा का थांबवला? कोण होते रिची इव्हान्स?

अमेरिकेतील नासकार या मोटार शर्यतींच्या संघटनेत गाडीचा क्रमांक सहसा निवृत्त केला जात नाही. चालक जातो, क्रमांक दुसऱ्याला मिळतो. सात वेळा अजिंक्य ठरलेले डेल अर्नहार्ट यांचा २००१ मध्ये डेटोना येथील शर्यतीत मृत्यू झाला, पण त्यांचा ३ हा क्रमांकही २०१४ मध्ये कप मालिकेत पुन्हा धावू लागला. मॉडिफाइड टूर या मालिकेतील ६१ हा क्रमांक मात्र या प्रथेला ठळक अपवाद ठरला. भगव्या रंगाच्या गाडीवरचा हा क्रमांक रिची इव्हान्स यांचा होता.

शेतातून गॅरेजमध्ये…

इव्हान्स यांचा जन्म २३ जुलै १९४१ रोजीचा. न्यूयॉर्क राज्यातील रोम या छोट्या शहराच्या परिसरात, शेतकरी कुटुंबात ते वाढले. वयाच्या सोळाव्या वर्षी शेती सोडून ते गॅरेजमध्ये कामाला लागले. रस्त्यावरच्या शर्यती, मग सरळ रेषेतील ड्रॅग रेसिंग असा प्रवास करत ते १९६२ मध्ये युटिका-रोम स्पीडवेच्या अंडाकृती ट्रॅकवर उतरले. पहिल्या गाडीचा क्रमांक होता पीटी-१०९. जॉन केनेडी यांनी दुसऱ्या महायुद्धात ज्या बोटीचे नेतृत्व केले, तिचेच हे नाव. १९६५ मध्ये ते मॉडिफाइड गटात आले आणि हंगामाच्या शेवटच्या रात्री त्यांनी या गटातील पहिला विजय मिळवला. रोमचे रहिवासी आणि वेगवान म्हणून पुढे ‘रॅपिड रोमन’ हे टोपणनाव त्यांना चिकटले.

मॉडिफाइड आणि शॉर्ट ट्रॅक म्हणजे काय?

मॉडिफाइड हा नासकारचा सर्वात जुना प्रकार. संघटनेची फेब्रुवारी १९४८ मधील पहिली शर्यत याच गाड्यांची होती. चाके उघडी, चाकांवर मडगार्ड नाही, बांधणी बुटकी आणि पुढे ताकदवान व्ही-८ इंजिन, असे तिचे रूप. एक मैलापेक्षा, म्हणजे साधारण १.६ किलोमीटरपेक्षा लहान ट्रॅकला शॉर्ट ट्रॅक म्हणतात.

मातीच्या ट्रॅकवर गाडी घसरवत वळवली जाते. डांबरी ट्रॅकवर टायर पकड धरतो आणि सेटिंगमधील बारीकसा फरकही वेळेत दिसतो. शर्यतीत वळायचे ते फक्त डावीकडे. म्हणून मागचा उजवा टायर डाव्यापेक्षा मोठा ठेवतात आणि वजनही डाव्या बाजूला जास्त घेतात. हे गणित जमवण्यासाठी चालकाला गाडी आतून ठाऊक असावी लागते. गॅरेजमध्ये घडलेले इव्हान्स इथे सरस ठरले.

एकाच शहरातील दोन विजेते

इव्हान्स यांचे मोठे प्रतिस्पर्धी जेरी कुक हेही रोमचेच. कुक यांनी १९७१, १९७२ आणि १९७४ ते १९७७ अशी सहा विजेतेपदे मिळवली. इव्हान्स यांनी १९७३ मध्ये पहिले आणि १९७८ ते १९८५ अशी सलग आठ, एकूण नऊ विजेतेपदे जिंकली. म्हणजे सलग १५ वर्षे राष्ट्रीय विजेतेपद एकाच शहरात राहिले.

त्या वेळी हे विजेतेपद ठराविक शर्यतींवर ठरत नसे. नासकारची मान्यता असलेल्या अनेक ट्रॅकवरील शर्यतींचे गुण वर्षभर जमत. त्यामुळे जास्तीत जास्त ठिकाणी पोहोचणे हाच डाव होता. जत्रांच्या हंगामात पैलवान एका फडावरून दुसऱ्या फडाकडे निघतो, तसेच हे जगणे. आज एका ट्रॅकवर शर्यत, रात्रीतून गाडी ट्रकवर चढवायची, उद्या दुसऱ्या राज्यात. १९७९ मध्ये इव्हान्स यांनी ६० शर्यतींपैकी ३७ जिंकल्या. संपूर्ण कारकीर्दीतील विजय ४०० हून अधिक भरतात.

मग नाव दूर का पोहोचले नाही?

त्याच १९७९ मध्ये फेब्रुवारीत डेटोना ५०० ही शर्यत सुरुवातीपासून शेवटपर्यंत राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर थेट दाखवली गेली. तेव्हापासून मोठ्या ट्रॅकवरील कप मालिकेचे चालक घराघरांत पोहोचले. शॉर्ट ट्रॅकच्या वाट्याला हा पडदा क्वचितच आला. तिथला निकाल देशभर नेण्याचे काम केले खास शर्यतींच्या साप्ताहिकांनी. १९३४ पासून निघणारे नॅशनल स्पीड स्पोर्ट न्यूज आणि १९६३ मध्ये न्यू जर्सीत सुरू झालेले एरिया ऑटो रेसिंग न्यूज ही त्यातील ठळक नावे. या अंकांच्या वाचकांना इव्हान्स कोण हे सांगावे लागत नसे. त्या वर्तुळाबाहेर मात्र नऊ वेळचा विजेता जवळजवळ अनोळखीच राहिला.

१९८५ मध्ये काय घडले?

या वर्षी नासकारने पद्धत बदलली. सर्व प्रमुख चालकांनी ठराविक शर्यतींत एकत्र उतरायचे, अशी टूर सुरू झाली. कुक १९८२ मध्ये निवृत्त झाले होते. नव्या टूरची घडी बसवण्याची जबाबदारी त्यांच्याकडे होती. जास्त शर्यतींत उतरून गुण वाढवण्याची सोय संपली होती, तरी इव्हान्स यांनी १२ शर्यती जिंकल्या. हंगामाची अखेरची शर्यत व्हायची असतानाच कनेक्टिकटमधील थॉम्पसन येथे त्यांचे विजेतेपद निश्चित झाले.

उरली होती व्हर्जिनियातील मार्टिन्सव्हिलची शर्यत. हा ट्रॅक जेमतेम साडेआठशे मीटरचा, पेपरक्लिपच्या आकाराचा. २४ ऑक्टोबर १९८५ रोजी सरावादरम्यान इव्हान्स यांची गाडी तिसऱ्या वळणावरील भिंतीवर आदळली आणि त्यांचा मृत्यू झाला. वय होते ४४. नववे विजेतेपद त्यांना मरणोत्तर मिळाले.

मृत्यूने कोणता प्रश्न पुढे आणला?

गाडी भिंतीवर आदळते तेव्हा तिच्या वेगातील ऊर्जा कुठे तरी जिरावी लागते. पुढचा भाग चेपला, तर गाडी थांबायला थोडे अधिक अंतर मिळते आणि चालकाला बसणारा धक्का कमी होतो. त्या काळातील मॉडिफाइड गाड्यांच्या चासीचे सरळ, भक्कम रेल वळणावर फायद्याचे होते. धडकेत मात्र ते चेपत नसत आणि धक्का थेट चालकापर्यंत जाई. डोके व मान सांभाळणारे हॅन्स उपकरणही तेव्हा रूढ नव्हते.

१९८७ मध्ये चार्ली जार्झोम्बेक यांचा मार्टिन्सव्हिललाच आणि कॉर्की कुकमन यांचा थॉम्पसनला मृत्यू झाला. त्यानंतर ताठ चासीचा प्रश्न टाळणे अवघड झाले आणि पुढच्या भागाच्या रचनेत बदल होत गेले. हॅन्ससारखे उपकरण नासकारच्या प्रमुख मालिकांत सक्तीचे व्हायला मात्र २००१ उजाडले. त्यासाठी अर्नहार्ट यांच्यासारख्या, दूरचित्रवाणीने घरोघरी नेलेल्या चालकाचा जीव जावा लागला.

आज वारसा काय?

१९९८ मध्ये नासकारच्या ५० महान चालकांत इव्हान्स यांची निवड झाली. २०१२ मध्ये त्यांना नासकार हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले, २०१६ मध्ये कुक यांनाही. नॅशनल स्पीड स्पोर्ट न्यूजचा छापील अंक २०११ मध्ये बंद झाला. मॉडिफाइड टूर आजही सुरू आहे. दर हंगामात नवे चालक येतात, हवा तो मोकळा क्रमांक मागतात. ६१ मात्र कुणालाही मिळत नाही.