मर्डेका कपवाले तुंकू अब्दुल रहमान

आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत पोरं मेस्सी-रोनाल्डोवरून हमरीतुमरीवर येतात. मर्डेका कप म्हटलं तर मात्र सगळे आमच्याकडे बघत राहतात. आमच्या वडिलांच्या पिढीला हे नाव तोंडपाठ होतं. मलय भाषेत मर्डेका म्हणजे स्वातंत्र्य. ही स्पर्धा सुरू करणारे होते मलायाचे, म्हणजे आजच्या मलेशियाचे, पहिले पंतप्रधान मरहूम तुंकू अब्दुल रहमान.

तुंकू म्हणजे राजपुत्र. ८ फेब्रुवारी १९०३ रोजी केदाह संस्थानात अलोर सेतार इथं त्यांचा जन्म झाला. वडील सुलतान, आई थाई. शिक्षण बँकॉक, पेनांग आणि मग केंब्रिज. अभ्यासापेक्षा मोटारी आणि मैदान यांतच जीव जास्त. बॅरिस्टर न होताच मायदेशी परतले आणि सरकारी नोकरीत लागले. महायुद्ध संपल्यावर पुन्हा लंडन गाठलं आणि १९४९ मध्ये बॅरिस्टर झाले, तेव्हा वय होतं ४६! नापास मुलाचे अम्मी-अब्बा रडवेले होऊन येतात, तेव्हा आम्ही त्यांना हेच सांगतो.

१९५१ मध्ये ते उम्नो या मलय पक्षाचे अध्यक्ष झाले. त्याच सुमारास मलायाच्या फुटबॉल संघटनेची सूत्रंही त्यांच्याकडे आली. देशात मलय, चिनी आणि भारतीय (बहुतेक तमिळ) अशा तीन जमाती. हे लोक एकत्र नांदतील का, ही शंका सगळ्यांनाच. तुंकूंनी चिनी आणि भारतीय पक्षांना सोबत घेतलं आणि १९५५ च्या निवडणुकीत त्यांच्या आघाडीनं ५२ पैकी ५१ जागा जिंकल्या. ३१ ऑगस्ट १९५७ रोजी क्वालालंपूरच्या मर्डेका स्टेडियमवर स्वातंत्र्याची घोषणा झाली. मैदानावर जन्मलेला देश म्हणा ना!

त्याच वर्षी मर्डेका स्पर्धा सुरू झाली. पात्रता फेरी वगैरे भानगड नाही. यजमानानं आमंत्रण धाडायचं आणि पाहुण्या देशांनी आपला राष्ट्रीय संघ पाठवायचा. तेव्हा आशिया चषक चार वर्षांतून एकदा, तोही मोजक्या संघांचा. ब्रह्मदेश, इंडोनेशिया, दक्षिण कोरिया अशा नव्यानं स्वतंत्र झालेल्या देशांना दरवर्षी एकमेकांशी भिडायला हक्काचं मैदान मिळालं ते इथं. पहिला कप हाँगकाँगनं नेला, पुढचे दोन मलायानं. १९५९ आणि १९६४ साली आपला भारत उपविजेता होता. आज कोणाला खरं वाटेल?

१९५८ मध्ये तुंकू आशियाई फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष झाले आणि १९७७ पर्यंत राहिले. पंतप्रधानपद सांभाळून फुटबॉलचा कारभार बघणारा माणूस आम्हाला तरी दुसरा माहीत नाही.

पण मैदानावर जमलं ते रस्त्यावर टिकलं नाही. १३ मे १९६९ रोजी क्वालालंपुरात मलय आणि चिनी लोकांत दंगल पेटली. सरकारी आकड्यानुसारच १९६ माणसं गेली. दोष तुंकूंच्या माथी आला. चिनी लोकांना फार सवलती दिल्या, असं त्यांच्याच पक्षातले तरुण म्हणू लागले. आमच्या मते, सगळं गोडीगुलाबीनं निभेल हा त्यांचा भरवसा जरा जास्तच होता; गरीब मलय माणसाच्या पोटातली आग त्यांना वेळेवर दिसली नाही. मर्डेका स्पर्धा त्या वर्षीही झाली, इंडोनेशिया जिंकला. सप्टेंबर १९७० मध्ये तुंकूंनी पंतप्रधानपद सोडलं.

नंतर ते इस्लामी देशांच्या संघटनेचे पहिले महासचिव झाले. कुरआन पठणाची आंतरराष्ट्रीय स्पर्धाही त्यांच्याच काळात सुरू झाली होती, तीही देशोदेशीच्या पाहुण्यांना बोलावूनच! म्हातारपणी वर्तमानपत्रात सदर लिहून ते आपल्याच पक्षाच्या सरकारला टोकत राहिले.

सत्तरच्या दशकात मलेशियाच्या संघात मोख्तार दहारी, सोह चिन आन, संतोख सिंग आणि गोलकीपर अरुमुगम एकाच जर्सीत खेळत होते. नावंच वाचा, बाकी सांगायला नको.

६ डिसेंबर १९९० रोजी तुंकूंचा इंतकाल झाला. अलोर सेतारजवळ लांगार इथल्या शाही कब्रस्तानात त्यांचा दफनविधी झाला. मर्डेका कप पुढं मधूनमधून बंद पडत गेला. २०२३ मध्ये दहा वर्षांनी पुन्हा भरला, तेव्हा भारतालाही आमंत्रण होतं. उपांत्य सामन्यात मलेशियानं आपल्याला ४-२ नं हरवलं.